काटा खाली आला म्हणून निश्चिंत होऊ नका

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांची डिझेल गाडी 14 वर्षं जुनी. समोरच्या मालट्रकने अचानक ब्रेक मारला आणि ही गाडी मागून त्याच्यावर आदळली. वेग फार नव्हता, कुणाला इजा झाली नाही. बॉनेट दुमडून वर आलं, जाळी आणि एक हेडलाइट फुटला, बंपर वरच्या बाजूने चिरला, रेडिएटर फुटून खाली पाणी सांडलं. एअरबॅग उघडल्या नाहीत. इंजिन लगेच चालू झालं, म्हणून त्या गाडी चालवतच घरी निघाल्या. वाटेत तापमानाचा काटा लाल खुणेपर्यंत चढला, पण थोड्या वेळाने आपोआप खाली आला, त्यामुळे न थांबता त्या घरी पोहोचल्या. विम्यातून स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून मिळणार नाही. मोठ्या गॅरेजने सांगितलं, "दुरुस्ती गाडीच्या किमतीपेक्षा महाग पडेल, भंगारात द्या." ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, "गाडी सोडून जा, निम्म्याहून कमी खर्चात उभी करून देतो." त्यांचे यजमान विकून टाका म्हणतात. ताईंचा जीव गाडीत अडकला आहे, शिवाय गेल्याच वर्षी टर्बो आणि क्लचवर मोठा खर्च झाला आहे. त्या लिहितात, "इंजिन ठणठणीत आहे, नुकसान फक्त समोरच्या पत्र्याचं आहे. मग स्वस्तात दुरुस्त करण्यात चूक काय?"

ताई, स्वस्तात दुरुस्त करण्यात काहीच चूक नाही. जुनी, ओळखीची, नीट राखलेली गाडी केवळ नाक चेपलं म्हणून भंगारात घालणं मलाही पटत नाही. पण तुमच्या पत्रातलं "इंजिन ठणठणीत आहे" हे वाक्य मला खटकलं, आणि सगळा हिशोब त्याच वाक्यावर उभा आहे. त्यामुळे पत्रा, रंग, हेडलाइट या गोष्टींकडे आपण नंतर येऊ.

काटा लाल खुणेपर्यंत चढला आणि मग खाली आला, याचा अर्थ तुम्ही "इंजिन पुन्हा थंड झालं" असा लावलात. कुणीही तोच लावेल. पण तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात) बुडालेला असतो आणि भोवतीच्या द्रवाचं तापमान सांगतो. रेडिएटर फुटून कूलंट वाहून गेलं की सेन्सरभोवती हवा आणि वाफच उरते. मग इंजिन आतून भाजत असतानाही काटा खाली येऊ शकतो. तुमची गाडी रेडिएटर फुटलेल्या अवस्थेत चालत होती, म्हणून काटा उतरणं ही मला दिलासा देणारी खूण वाटत नाही, उलट कूलंट संपल्याची खूण वाटते.

अशा वेळी धोका असतो तो हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, आणि हेड गॅस्केटला, म्हणजे त्याखालच्या गळती रोखणाऱ्या पातळ थराला. पुष्कळ डिझेल इंजिनांत खालचा ब्लॉक लोखंडी आणि वरचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. प्रमाणाबाहेर तापलं तर हेड वाकतं किंवा त्याला तडा जातो, मधलं गॅस्केट जळतं, आणि तरीही इंजिन त्या दिवशी चालू राहतं. दुखणं पुढे कधीतरी बाहेर येतं, तेव्हा नवा रेडिएटर, नवा रंग, सगळं बसवून झालेलं असतं. ही वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून माझा आग्रह आहे की एकही सुटा भाग विकत घेण्याआधी इंजिनाची तपासणी करून घ्या. आणि तोपर्यंत इंजिन पुन्हा चालू करू नका. "फक्त दोन मिनिटं, आवाज ऐकण्यापुरतं" असं कुणी म्हटलं तरी नको. गॅरेजला न्यायची तर टो करून न्या.

तपासणी अवघड नाही आणि महागही नाही. आधी थंड इंजिनाची ऑइल काडी ओढून बघा, ऑइल भरायचं झाकण उघडून बघा. ऑइल दुधट, चहाच्या रंगाचं झालं असेल तर त्यात पाणी मिसळलं आहे. तसं दिसलं तर तिथेच थांबा. ऑइल स्वच्छ असेल तर मेकॅनिकला भंगारातला, त्याच मापाचा, न गळणारा एखादा रेडिएटर तात्पुरता जोडायला सांगा. त्यात साधं पाणी भरून हातपंपाने पाण्याच्या सगळ्या मार्गात दाब देता येतो. बाहेर कुठेही गळत नसताना दाब हळूहळू उतरत असेल तर पाणी आत कुठेतरी जात आहे. दाब टिकला, तर इंजिन चालू करून कूलंटच्या टाकीवर रसायनाची चाचणी घेतात. सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात येत असेल तर त्या रसायनाचा रंग बदलतो. इंजिन थंड असतानाच चालू केल्यावर काही क्षणांत पाण्याचे पाइप दगडासारखे कडक होत असतील, टाकीत सतत बुडबुडे येत असतील, तर तेही गॅस्केट गेल्याचंच लक्षण. गरम इंजिनावर टाकीचं झाकण मात्र कुणालाही उघडू देऊ नका. दाबाखालचं उकळतं पाणी तोंडावर येतं.

चाचण्यांत हेड गेल्याचं निघालं, तर माझा सल्ला तुमच्या यजमानांच्या बाजूचा आहे. 14 वर्षांच्या गाडीत हेडचं काम आणि समोरचं काम हे दोन्ही एकदम परवडत नाही. तिथे मन घट्ट करा. हेड शाबूत निघालं, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

आता दुसरं गृहीतक. एअरबॅग उघडली नाही म्हणजे धक्का किरकोळ होता, असं तुम्ही धरून चालला आहात. एअरबॅग ठरते गाडी किती झटक्याने थांबली यावर. ट्रकचा मागचा भाग उंच असतो, गाडीचं नाक त्याखाली शिरतं, बॉनेट आणि रेडिएटरचा वरचा भाग चेपत जातो आणि गाडी तुलनेने सावकाश थांबते. त्यामुळे एअरबॅग न उघडणं स्वाभाविक आहे, त्यात बिघाडही नाही आणि गाडी आतून शाबूत असल्याची खात्रीही नाही. तुमच्या वर्णनावरून मार उंचावर बसलेला दिसतो आणि ही तशी चांगली बातमी आहे. कारण गाडीचा खरा कणा खाली असतो. बंपरच्या प्लॅस्टिकमागे लोखंडी आडवी पट्टी, आणि तिच्या मागे दोन बाजूंना चॅसिसचे दोन दांडे. गाडीच्या टोकाचा भाग चेपून धक्का गिळायचा आणि माणसांची जागा तशीच ठेवायची, ही कल्पना बेला बारेन्यी या अभियंत्याची. त्याचं पेटंट 1952 मधलं आणि 1959 पासून मर्सिडीजच्या गाड्यांत ती प्रत्यक्षात आली. समोरचे दांडे त्या कामासाठीच केलेले असतात. एकदा चेपले की ते काम त्यांनी केलेलं असतं, पुढच्या वेळी तेवढा धक्का गिळायची ताकद त्यांच्यात राहत नाही.

म्हणून बंपर काढून घ्या आणि स्वतः उभं राहून बघा. दांडा नुसता थोडा झुकला असेल तर चांगल्या बेंचवर (गाडी पक्की धरून ओढायच्या यंत्रावर) ओढून सरळ करता येतो. पण त्याला घडी पडली असेल, कडा मोडून सुरकुती आली असेल, तर तो भाग कापून बदलावा लागतो. गॅसने लाल करून हातोड्याने सरळ केलेला दांडा दिसायला सरळ दिसतो, पण मजबूत पोलाद तापवल्यावर आपली ताकद गमावतं. मेकॅनिकने हा मार्ग सुचवला तर स्पष्ट नाही म्हणा. मापं घेणंही सोपं आहे. एका बाजूच्या सस्पेन्शनच्या बोल्टपासून दुसऱ्या बाजूच्या पुढच्या टोकापर्यंत तिरपं माप घ्यायचं, मग उलट दिशेने तेच. दोन्ही तिरपी मापं जुळायला हवीत. काही मिलिमीटरांपेक्षा जास्त फरक असेल तर नाक एका बाजूला गेलं आहे. दारांच्या फटी दोन्हीकडे सारख्या आहेत का, दार पूर्वीसारखं लागतं का, तेही बघा. दारापर्यंत फरक पोहोचला असेल तर ही समोरच्या पत्र्याची गोष्ट उरलेली नाही.

तुमचा तो ओळखीचा मेकॅनिक वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. छोट्या गॅरेजमधले अनुभवी लोक जुन्या गाड्या ज्या जिव्हाळ्याने उभ्या करतात, तो मोठ्या गॅरेजच्या हिशोबात बसत नाही. मोठं गॅरेज प्रत्येक भाग नवा आणि कंपनीचा धरतं, म्हणून त्यांचा आकडा फुगतो. त्यात खोटं काही नाही. पण "गाडी सोडून जा" हे मला मान्य नाही. काय काय बदलणार, काय सरळ करणार, काय तसंच ठेवणार, हे समोरचा भाग उघडल्यावर ठरतं. म्हणून त्याला आधी फक्त उघडून बघण्याची मजुरी द्या, फोटो काढून घ्या आणि मग लेखी अंदाज मागा. त्यात एक अट घाला की आत नवीन काही सापडलं तर फोन केल्याशिवाय काम पुढे जाणार नाही, आणि काढलेले जुने भाग तुम्हाला दाखवायचे. चांगला कारागीर या अटींवर रागावत नाही.

पैसा कुठे वाचवायचा आणि कुठे नाही, याची माझी वाटणी अगदी सरळ आहे. डोळ्याला दिसतं तिथे वाचवा, झाकलं जातं तिथे खर्च करा. लोक नेमकं उलट करतात, आणि याचंच मला फार वाईट वाटतं. नवा चकचकीत बंपर बसतो आणि त्यामागची लोखंडी पट्टी गायब असते.

बॉनेट, फेंडर, जाळी, हेडलाइट, बंपरचं प्लॅस्टिक, रेडिएटर ज्यावर बसतो ती समोरची चौकट हे सगळं भंगारात निघालेल्या त्याच मॉडेलच्या गाडीतून घ्या. मागून ठोकलेली किंवा इंजिन गेलेली गाडी शोधा, तिचं नाक शाबूत असतं. शक्य असेल तर समोरचा सगळा भाग एकत्र घ्या, म्हणजे क्लिप, ब्रॅकेट, वायरचे कनेक्टर अशा बारीक गोष्टींसाठी वणवण होत नाही. सुट्या हेडलाइटची काच आणि पकडीचे कान आधी तपासा. तुमच्याच हेडलाइटचे फक्त कान तुटले असतील तर प्लॅस्टिक वेल्डिंगने ते जोडता येतात. रंग जुळला तर उत्तम, नाही जुळला तरी बिघडलं कुठे? उघड्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून प्रायमर मारून घ्या आणि रंगाचं काम सगळ्यात शेवटी ठेवा. गाडी काही आठवडे चालवून, पाणी आणि तापमान स्थिर आहे हे बघून मग रंग द्यावा, असं माझं मत आहे. रंगानंतर पुन्हा समोरचा भाग उघडावा लागला तर तो खर्च फुकट जातो.

नवं काय घ्यायचं? रेडिएटर नवा घ्या, कंपनीचाच हवा असं नाही, चांगल्या बाहेरच्या कंपनीचाही चालतो. भंगारातल्या रेडिएटरची आतली अवस्था बाहेरून दिसत नाही. तपासणीपुरता तो ठीक, कायमचा नको. पाण्याचे पाइप, त्यांच्या पकडी, थर्मोस्टॅट, टाकीचं झाकण आणि योग्य प्रकारचं कूलंट हे सगळं नवं. आणि बॉनेटचं कुलूप! वाकलेल्या चौकटीवर जुनंच कुलूप ठोकून बसवतात आणि एक दिवस वेगात बॉनेट उघडून काचेवर आदळतं. कुलूप आणि त्याचा दुसरा सुरक्षा-आकडा दोन्ही नीट पकडतात ना, हे दहा वेळा उघडझाप करून बघा.

एसीचा कंडेन्सर (एसीचा गॅस थंड करणारी जाळी) रेडिएटरच्याही पुढे असतो, त्यामुळे तो बहुधा गेलाच असेल. हा खर्च पुढे ढकलता येतो. तो फुटला असेल तर गॅस निघून गेलाच आहे, पाइपांची उघडी तोंडं बंद करून ठेवा म्हणजे ओलावा आत जाणार नाही. पुढे काम कराल तेव्हा कंडेन्सरबरोबर ड्रायरही बदलावा लागेल, कारण त्यातला ओलावा शोषणारा पदार्थ तोवर कामातून गेलेला असतो. फक्त मेकॅनिकला एवढं विचारा की तुमच्या एसीच्या कंप्रेसरला स्वतःचा क्लच (त्याला इंजिनापासून सोडवणारी जोडणी, गिअरचा क्लच नव्हे) आहे का. क्लच असेल तर एसी बंद असताना कंप्रेसर आतून फिरत नाही, काळजी नको. काही गाड्यांत क्लच नसतो, कंप्रेसर इंजिनाबरोबर सतत फिरतो आणि गॅस-तेलाशिवाय खराब होतो.

डिझेल गाडीची आणखी एक खास जागा म्हणजे इंटरकूलर. टर्बोने दाबलेली गरम हवा तो थंड करतो, आणि बऱ्याच गाड्यांत तो रेडिएटरच्या आसपासच असतो. त्याला बारीक चीर गेली तरी गाडी चालते, पण ओढ कमी होते, काळा धूर येतो, डिझेल जास्त लागतं, आणि दोष बिचाऱ्या टर्बोवर येतो. तुम्ही गेल्या वर्षी टर्बोवर खर्च केला आहे, तेव्हा हे विशेष लक्षात ठेवा. हवेचा दाब देऊन आणि साबणाचं पाणी लावून गळती सापडते. इंटरकूलर काढलाच तर तो उलटा करून बघा. आत तेलाचा पातळ थर असणं नेहमीचं आहे, पण तेल धारेने ओतलं गेलं तर ते आधी साफ केलंच पाहिजे. साठलेलं तेल इंजिनात ओढलं गेलं तर डिझेल इंजिन तेच इंधन म्हणून जाळतं आणि बेफाम पळत सुटतं, कित्येक इंजिनांत किल्ली बंद करूनही थांबत नाही.

इंधनाच्या पाइपांबद्दल एक कळकळीची सूचना, विशेषतः घरी स्वतः काही करून बघणाऱ्या वाचकांना. कॉमन रेल इंजिनात (प्रचंड दाबाने डिझेल फवारणाऱ्या इंजिनात) इंधनाचा दाब 1000 बारच्याही, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे हजारपटीच्याही, वर जातो. चालू इंजिनात गळती शोधायला त्या पाइपांवरून हात कधीही फिरवू नका. सुईएवढ्या छिद्रातून निघालेली डिझेलची धार कातडीत घुसते, जखम क्षुल्लक दिसते आणि हात गमावण्याची वेळ येऊ शकते. तसं झालंच तर दुखत नसलं तरी ताबडतोब रुग्णालयात जा आणि काय घुसलं ते सांगा.

एअरबॅगचा दिवा बघा. किल्ली फिरवल्यावर तो काही सेकंद लागून विझला पाहिजे. सतत लागून राहिला तर बिघाड आहे, आणि मुळीच लागला नाही तर त्याहून वाईट, कोणीतरी तो बंद केलेला असू शकतो. काही गाड्यांत धक्क्याचे सेन्सर समोरच्या चौकटीवरच बसवलेले असतात, चौकट बदलताना ते मूळ जागी, मूळ दिशेने बसले पाहिजेत. ज्या वाचकांच्या गाडीत एअरबॅग उघडल्या आहेत त्यांनी भंगारातल्या एअरबॅग बसवू नयेत. टकाटा कंपनीच्या सदोष इन्फ्लेटरमुळे (बॅग फुगवणाऱ्या भागामुळे) जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि जुन्या गाडीतून काढलेली बॅग त्यातलीच नाही हे नुसतं बघून कळत नाही. एअरबॅग, पट्टे आणि त्यांचं नियंत्रण करणारा भाग बदलण्याचा खर्च जुन्या गाडीला सहसा झेपत नाही.

राहिला हिशोब. "दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त" ही तुलना गॅरेजच्या सोयीची आहे, तुमच्या नाही. तुम्हाला तीन आकडे हवेत. आज आहे तशी विकली तर काय येतील, दुरुस्तीला काय लागतील, आणि तुमच्या गाडीसारखी दुसरी गाडी घेऊन तिची पहिल्या वर्षातली कामं करून घ्यायला काय लागेल. समजा बाजारात तशी गाडी 100 ला मिळते आणि तिच्या सुरुवातीच्या कामांना 20 लागतात. तुमची आहे तशी 25 ला जाते. म्हणजे दुसरी गाडी तुम्हाला 95 ला पडली. अपघात झालेली गाडी पुढे विकताना ते सांगावं लागेल आणि किंमत कमी येईल, त्याचे 15 वजा करा. दुरुस्तीची तुमची मर्यादा झाली 80. हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. आत काहीतरी सापडतंच, म्हणून त्या मर्यादेतला पाचवा भाग बाजूला ठेवा आणि उरलेल्या रकमेत अंदाज बसतो का ते बघा. मर्यादा काम सुरू होण्याआधी कागदावर लिहा, यजमानांनाही दाखवा. काम निम्मं झाल्यावर मर्यादा ठरवता येत नाही, तेव्हा प्रत्येक नवा खर्च थोडाच वाटतो.

टर्बो आणि क्लचवर गेलेले पैसे या हिशोबात घेऊ नका, ते गेले. पण ते दोन भाग नवे आहेत याचा फायदा खरा आहे, आणि तो वरच्या 20 मध्ये आधीच आला आहे. दुसऱ्या कुणाच्या जुन्या गाडीत क्लच कधी जाईल ते तुम्हाला माहीत नसतं. तुमच्या राहत्या ठिकाणी जुन्या डिझेल गाड्यांना अजून किती वर्षं परवानगी आहे, तेही आत्ताच विचारून घ्या. दोनच वर्षं उरली असतील तर 80 ची मर्यादा फार झाली, निम्म्यावर आणा.

दुरुस्ती करायचं ठरलं, तर समोरचा भाग उघडा असतानाच टायमिंग बेल्टचा (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची चाल जुळती ठेवणाऱ्या पट्ट्याचा) विषय काढा. कित्येक गाड्यांत त्या वेळी तिथे हात सहज पोहोचतो आणि मजुरी वाचते. बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल तर पाण्याच्या पंपासह बदलून घ्या. बहुतेक डिझेल इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि ज्या इंजिनासाठी एवढा आटापिटा केला तेच जातं. बेल्टवरचं प्लॅस्टिकचं झाकण धक्क्याने तडकलं नाही ना, त्याचा तुकडा आत पडला नाही ना, हेही त्याच वेळी बघून होतं.

गाडी हातात आल्यावर चाकांचं अलाइनमेंट करून छापील आकडे मागा. फक्त टो (चाकं पुढून किती आत-बाहेर वळली आहेत) नव्हे, कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा पुढे-मागे कल) आणि कॅम्बरही (चाकाचा वरून आत-बाहेर कल) दोन्ही बाजूंना जुळतात का ते विचारा. नंतरचे काही आठवडे रोज सकाळी, थंड इंजिनावर, टाकीतली कूलंटची पातळी बघा. सुरुवातीला हवा निघून ती एकदा थोडी उतरते, तेवढी भरा. नंतरही उतरत राहिली आणि खाली कुठे ओल दिसत नसेल, तर रंगाचं काम थांबवा आणि हेडची चाचणी पुन्हा करून घ्या.